४३१५०३ची फोड

सेलूचा पिनकोड ४३१५०३. पत्रावर आपण तो निमूट लिहितो. गणिताच्या नजरेने मात्र सहसा पाहत नाही. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आले, ते श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून.

या संख्येला २, ३, ५, ७ यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून ती मूळ संख्या वाटते. पण २३ने नेमका भाग जातो आणि फोड मिळते: २३ × ७३ × २५७. तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या अशा गुणाकाराला स्फेनिक संख्या म्हणतात. त्यातली २५७ फर्माच्या मूळ संख्यांपैकी आहे, म्हणजे २चा आठवा घात अधिक १. आणि २३ × ७३ = १६७९! १९७४मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीने अवकाशात पाठवलेल्या संदेशात नेमके इतकेच अंक होते. हा निव्वळ योगायोग, पण गोड.

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या कसोट्यांवर मात्र ४३१५०३ ही संख्या उतरत नाही. अंकांची बेरीज १६. तिने भाग जात नाही, म्हणून ती हर्षद संख्या नव्हे. ती स्वयंभूही नाही, कारण ४३१४७७मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज २६ मिळवली की ४३१५०३ येते.