४६३ पौंड वाम

ऑगस्ट १९९३. कॅनडाच्या पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशियातल्या पॉमकेट खाडीत डोनाल्ड मार्शल सोबत्याबरोबर वाम पकडत होता. ४६३ पौंड वाम मिळाली, म्हणजे आपल्या मापाने २१० किलो. विकून हाती आले ७८७ डॉलर १० सेंट. पाठोपाठ खटलाही आला : परवाना नाही, बंदीचे दिवस, जाळे बेकायदा.

मार्शल मिगमॉ या आदिवासी समाजातला, मेम्बर्टू वस्तीचा. कोर्टकचेरी त्याला नवी नव्हती. न केलेल्या खुनासाठी १७व्या वर्षी अटक आणि पुढे जन्मठेप होऊन त्याची ११ वर्षे तुरुंगात गेली. १९८३ मध्ये तो निर्दोष ठरला. तो आदिवासी होता हेही त्या अन्यायाचे एक कारण होते, असे पुढे चौकशी आयोगाने नोंदवले. इतके सोसलेला माणूस दंड भरून मोकळा झाला असता, तरी कुणी नावे ठेवली नसती. तो लढला. हाती होता मिगमॉ आणि इंग्रज यांच्यातला १७६०-६१ चा तह. इंग्रजांच्या व्यापारी ठाण्यांवर माल विकण्याची तरतूद त्यात होती. विकायचे तर आधी पकडायचा हक्क हवाच, हे १७ सप्टेंबर १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र हा हक्क ‘माफक उपजीविके’पुरता. माफक म्हणजे किती, याचा आकडा निकालात नव्हता.

या मेम्बर्टूची कथाही अशीच. ही वस्ती पूर्वी सिडनी बंदराच्या काठी होती. १९१६ मध्ये न्यायालयाच्या हुकमाने तिला हटवायचे ठरले आणि १९२६ मध्ये ती किनाऱ्यापासून आत ढकलली गेली. नव्वदच्या दशकात तिचा हिशेब सुमारे १० लाख डॉलर तुटीत होता. १९८४ पासून मुखिया असलेल्या टेरी पॉल यांनी शिकूनसवरून बाहेर गेलेल्या आपल्या माणसांना परत बोलावले, जमाखर्च लोकांपुढे उघडा ठेवला. २००२ मध्ये वस्तीच्या कारभाराला आयएसओ प्रमाणपत्र मिळाले. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो उघडा जमाखर्च. त्याशिवाय भागीदारीला कोण बसणार?

खरी अडचण भांडवलाची. राखीव वस्तीची जमीन सरकारच्या नावावर, त्यामुळे ती बँकेकडे गहाण टाकता येत नाही. गहाणाविना कर्ज नाही, कर्जाविना धंदा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हाच फास. २००५ च्या कायद्याने त्यातून वाट निघाली. आदिवासींची स्वतःची वित्तसंस्था अनेक वस्त्यांची पत एकत्र करून बाजारात रोखे काढू लागली. फेड वस्त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातून. एकट्याला जे जमत नाही ते सोसायटी करून जमते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

याच संस्थेने ३० वर्षांच्या मुदतीने २५ कोटी डॉलर दिले, आणि जानेवारी २०२१ मध्ये मेम्बर्टूसह सात मिगमॉ वस्त्यांनी ‘प्रीमियम ब्रँड्स’ कंपनीबरोबर निम्म्या भागीदारीत ‘क्लिअरवॉटर’ विकत घेतली. सौदा १०० कोटी डॉलरचा. शेवंड, खेकडे, शिंपले यांचे कॅनडातले सर्वांत मोठे परवाने याच कंपनीकडे होते. ते आता मिगमॉंच्या मालकीचे झाले. २०१५ मध्ये आदिवासींवरच्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने ९४ शिफारशी केल्या. त्यातली ९२वी उद्योगांसाठी होती : आदिवासींची संमती घ्या, रोजगार-प्रशिक्षणात त्यांना न्याय्य वाटा द्या. मेम्बर्टू त्याहून पुढे गेली. तिने नोकरी मागितली नाही, मालकी घेतली.

तरीही हुरळून जाऊ नये. या सौद्याची घोषणा झाली नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, याच प्रांतात, मिगमॉंची शेवंड साठवलेले गोदाम जळाले होते. मार्शल निकालाच्या २१व्या वर्धापनदिनी काही मिगमॉंनी स्वतःच दिलेल्या परवान्यांवर शेवंडीचे सापळे टाकले होते आणि स्थानिक बिगर-मिगमॉ मच्छीमार खवळले होते. खोल समुद्रातली मोठी कंपनी वस्तीच्या तिजोरीत पैसा आणते, पण लहान होडीवाल्याच्या किनाऱ्यावरच्या हक्काची जागा ती घेऊ शकत नाही. भागीदारी दाखवून तहाचा प्रश्न मिटवायचा प्रयत्न झाला, तर तो समेट म्हणता येणार नाही.

डोनाल्ड मार्शल २००९ मध्ये गेला. ‘माफक’ म्हणजे किती, यावरचा वाद त्याच्या मागेही चालूच राहिला.