आयडलिंग मस्त, तरी इंजिन सीझ! जुन्या आरएक्स १०० चा कार्ब्युरेटर समजून घेऊया

आजचा भाग हात काळे करण्याचा. विषय आहे कार्ब्युरेटर. भागात मी बरंच हातवारे करून बोललोय, ते कागदावर दिसणार नाहीत, म्हणून इथं थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवात घरच्या गोष्टीने करू. बाबांकडे यामाहा आरएक्स १०० होती. ९८ सीसी, टू-स्ट्रोक. आपल्याकडे ही गाडी १९८५ ते १९९६ पर्यंत बनली. बाबांची एकच तक्रार: ॲव्हरेज. एका मेकॅनिकने उपाय केला, मेन जेट लहान टाकला. गाडी दारात उभी करून दाखवली. आयडलिंग एकदम सुरेख, धूर कमी. बाबा खूश.

तीन दिवसांनी ते चिपळूणहून कराडला निघाले. कुंभार्ली घाटात, चढावर, पूर्ण रेस दिलेली असताना मागचं चाक एकदम लॉक झालं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. क्लच दाबेपर्यंत गाडी आडवी. कोपर सोलून निघालं. मागची एसटी वेळेत थांबली, म्हणून आज हे निवांत सांगू शकतोय.

आता प्रश्न असा, की दारात इतकी छान चालणारी गाडी घाटात का पकडली?

एका कार्ब्युरेटरमध्ये चार कार्ब्युरेटर

अशा जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये रेस किती दिली आहे त्यावर वेगवेगळे भाग पेट्रोल ठरवतात.

- रेस बंद ते साधारण एक अष्टमांश: पायलट जेट आणि एअर स्क्रू.
- एक अष्टमांश ते पाव: स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप.
- पाव ते पाऊण: स्लाइडला लटकलेली सुई.
- पाऊण ते पूर्ण: मेन जेट.

सीमा काटेकोर नाहीत, एकमेकांत मिसळतात. पण मुद्दा लक्षात आला ना? आयडलिंगला मेन जेटचं काम जवळजवळ नसतंच. मेकॅनिकने बदलला मेन जेट आणि परीक्षा घेतली पायलट जेटची! घाटात मेन जेटची पाळी आली, तेव्हा पेट्रोल कमी पडलं आणि इंजिन तापलं. त्यात आमच्या गाडीचा ऑइल पंप कधीच बंद केलेला, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून टाकायचो. म्हणजे पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी गेलं.

म्हणून आजची एकच गोष्ट लक्षात ठेवा: तक्रार किती रेसवर येते ते आधी शोधा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. सोपी युक्ती सांगतो. रेसच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर कागदी टेप लावा. बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. एक चक्कर मारा. कुठं अडखळते ते लगेच कळेल.

कार्ब्युरेटरवर आळ घेण्याआधी

निम्म्या वेळा दोषी दुसराच असतो. प्लग काढून बघा, एअर फिल्टर साफ करा, पेट्रोल कॉकमधून धार नीट येते का पाहा. हँडल डावी-उजवीकडे वळवल्यावर आयडलिंग बदलत असेल तर रेसची केबल ताणलेली आहे.

आयडलिंग आपोआप वाढतं, खाली यायला वेळ लागतो? मग बाहेरची हवा आत शिरतेय. कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या जोडावर, गाडी चालू असताना, साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथंच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं तरी हेच होतं, आणि ते कोणत्याही स्क्रूने बरं होत नाही.

नेहमीच्या तक्रारी

*चोकवर चालते, चोक काढला की बंद.* बहुतेक वेळा पायलट जेट तुंबलेला. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल सुकून चिकट थर उरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबरी भागांनाही त्रास देतं. जेट काढा, क्लीनर मारा, हवा मारून घ्या. सुई किंवा टाचणी घालू नका! भोक जरा मोठं झालं की जेट गेला.

*ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळतं.* फ्लोटच्या सुईखाली कचरा, किंवा सुई झिजलेली. आधी वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. नाही थांबलं तर उघडा.

*मधल्या रेसवर अडखळते.* अडखळत असताना चोक किंचित लावून बघा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, बिघडली तर जास्त होतंय. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच खाच.

एअर स्क्रू लावताना

दहा मिनिटं गाडी फिरवून गरम करा. मग इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. बिघडलं तर परतीची वाट हीच. आता दीड फेरा बाहेर काढून गाडी चालू करा. पाव-पाव फेरा फिरवत जा. जिथं आयडलिंग सगळ्यात वर आणि एकसारखं, ती जागा. मग आयडलिंगचा स्क्रू फिरवून वेग खाली आणा.

एक फसगत टाळा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलटं. आरएक्सचा हवेचा आहे.

शेवटी प्लग बघा. तपकिरी म्हणजे ठीक. काळा, ओला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर मात्र गाडी घाटात नेऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये थोडं जास्त पेट्रोल म्हणजे धूर आणि खर्च. कमी पेट्रोल म्हणजे नवा पिस्टन, कधी त्याहून वाईट.

बाबांची गाडी पुन्हा बोअर करून घेतली, मेन जेट कंपनीच्या मापाचा टाकला. ॲव्हरेजबद्दल ते आता अवाक्षर काढत नाहीत!

तुमची गाडी किती रेसवर अडखळते? टेप लावा, फिरवून बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात.