सफरचंदाची वडी आणि तिच्यांतलें पाणी

जे पदार्थ करावयास अगदीं सोपे म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांचीच फजिती स्वयंपाकघरांत अधिक वेळां होते. अनारसा तुपांत हसला तर कोणी फारसा दोष देत नाहीं. तो अवघड आहे हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु खालीं खुसखुशीत पिठाचा थर, मध्यें मसाला लावलेल्या सफरचंदाच्या फोडी, वर लोण्या-पिठाचा भरड चुरा, आणि हें सारें भट्टींत भाजून चौकोनी कापलेलें, एवढेंच ज्याचें स्वरूप, तो पदार्थ ताटलींत काढतांच मोडतो व त्याचा तळ लिबलिबीत निघतो, तेव्हां करणाराच्या मनाला तें फार लागतें. महागाची सफरचंदें, दीडशे ग्रॅमहून अधिक लोणी आणि सुटीची एक दुपार, हीं तिन्ही वायां गेल्यासारखीं वाटतात. अशा वेळीं दोष बहुधा हाताचा नसतो आणि मसाल्याचाही नसतो. पाण्याचा हिशेब चुकलेला असतो. हा हिशेब ज्याला समजला, त्याला ही वडी साधली असें म्हणावयास हरकत नाहीं.

या पदार्थाचें घर अमेरिकेंत आहे. तेथें त्याला ‘बार’ म्हणतात. आपल्याकडे थाळींत थापून कापलेल्या खोबऱ्याच्या पाकाला जसें वडी हें नांव, तसेंच तें. गोल ‘पाय’ लाटून, पारीनें झांकून, कांठ मुरडून करावा लागतो, आणि एकींत सात-आठ माणसांची सोय होते. वडीला लाटणें नको, मुरडणें नको. एका चौकोनी पत्र्यांत सोळा-वीस तुकडे निघतात व ते हातांत धरून खातां येतात. वरचा चुरा मूळ जर्मनांचा. ते त्याला ‘श्ट्रॉइझेल’ म्हणतात, आणि मोठ्या पत्र्यावर असा चुरा पसरून केलेला सफरचंदाचा केक जर्मनींत अजून घरोघर होतो. खुद्द सफरचंदही अमेरिकेचें नव्हे. त्याचा रानटी पूर्वज मध्य आशियांतील तिएन शान पर्वताच्या उतारांवर वाढतो. कझाकस्तानांतील आल्माती या शहराच्या नांवांतील ‘आल्मा’ या शब्दाचा अर्थच सफरचंद. तेथून तें युरोपांत गेलें, आणि युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेंत पोंचलें.

पुढें याच फळाचा एक फेरा हिंदुस्थानाकडे वळला. सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन तरुण १९०४ मध्यें या देशांत आला व सिमल्याच्या पलीकडे कोटगड येथें स्थायिक झाला. १९१६ च्या सुमारास त्यानें अमेरिकेंतून ‘रेड डिलिशस’ जातीचीं झाडें आणून तेथें लावलीं. आज हिमाचल प्रदेशांतील जीं तांबडीं, तळाशीं पांच उंचवटे असलेलीं सफरचंदें मुंबई-पुण्याच्या बाजारांत येतात, त्यांच्या प्रसाराचा आरंभ त्या बागेंतून झाला. यांत गंमत अशी कीं, हें फळ अमेरिकेचें असूनही अमेरिकेच्या या वडीला तें फारसें मानवत नाहीं. तें कच्चें खाण्यास गोड व रसाळ. परंतु भाजलें कीं त्याची चव फिकी पडते आणि गर मऊ होऊन बसतो. असें कां होतें, हें कळण्यासाठीं फळाच्या आंत डोकावलें पाहिजे.

सफरचंदांत शेंकडा सुमारें ८५ भाग पाणी असतें. म्हणजे अर्धा किलो सोललेल्या फोडींत सव्वाचारशे ग्रॅमच्या जवळपास, दोन पेल्यांहून कमी नव्हे इतकें पाणी साठलेलें असतें. शिवाय त्याच्या आकारमानाचा सुमारें चौथा हिस्सा नुसती हवा असते. सफरचंद पाण्यावर तरंगतें तें त्यामुळेंच. हें पाणी लहान लहान पेशींत कोंडलेलें असतें, आणि त्या पेशी एकमेकींस ‘पेक्टिन’ नांवाच्या द्रव्यानें चिकटलेल्या असतात. उष्णता साठ अंशांच्या पुढें गेली कीं पेशींचीं नाजूक आवरणें फुटूं लागतात व रस सुटतो. पुढें पेक्टिनही विरघळूं लागतें आणि फोड ढिली पडते. ज्या जातींत पेक्टिनचा हा सांधा लवकर सुटतो, तिच्या फोडींचा लगदा होतो. ज्या जातींत तो टिकतो, तिच्या फोडी शिजूनही फोडीच राहतात. फार दिवस ठेवलेल्या फळांत हा सांधा भट्टीची वाट न पाहतांच सैल होतो; दांताखालीं पिठूळ लागणारें सफरचंद तें हेंच.

म्हणून या वडीला कडक, आंबट आणि ताजें फळ घ्यावें. ‘ग्रॅनी स्मिथ’ हें हिरवें सफरचंद यासाठीं नांवाजलेलें आहे. मारिया अ‍ॅन स्मिथ नांवाच्या वृद्ध बाईच्या सिडनीजवळील मळ्यांत १८६८ च्या सुमारास तें प्रथम आढळलें, आणि तिच्याच नांवानें जगभर गेलें. तें न मिळाल्यास पिवळें ‘गोल्डन डिलिशस’ चालतें. तांबडेंच फळ हातीं असेल, तर तें कडक पाहून घ्यावें, फोडी जाडसर कराव्यात आणि लिंबाचा रस थोडा अधिक घालावा. लिंबानें फळाचें काळवंडणेंही थांबतें. चिरलेल्या गराला हवा लागतांच त्यांतील एका द्रव्यामुळें जो तपकिरी रंग येतो, त्याला आंबटपणा अटकाव करतो.

आतां पाण्याची पहिली व्यवस्था. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधीं लावलें तर तिला अंगचें पाणी सुटतें, हें प्रत्येक घरांत माहीत आहे. साखरही तेंच काम करते. अर्धा किलो फोडींना पन्नास ग्रॅम साखर व एका लिंबाचा अर्धा रस चोळून अर्धा-पाऊण तास ठेवावें. मग चाळणींत निथळून जो रस खालीं उतरतो, तो लहान पातेल्यांत मधासारखा दाट होईपर्यंत आटवावा व पुन्हां फोडींवर ओतावा. यानें चव वायां जात नाहीं. पाणी तेवढें जातें. जें पाणी तरीही भट्टींत सुटणार, त्याला बांधून ठेवण्यासाठीं एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर फोडींस लावावें. उष्णतेनें त्याचे कण फुगतात, पाणी शोषून घेतात आणि रसाची खळ होते.

दुसरी व्यवस्था तळाची. येथें महाराष्ट्रीय गृहिणीला नवें कांहींच शिकावयाचें नाहीं. तिला मोहन ठाऊक आहे. शंकरपाळ्यांच्या पिठाला कडकडीत तुपाचें मोहन घातलें म्हणजे त्या खुसखुशीत होतात, याचें कारण असें कीं, तूप पिठाच्या कणांस लपेटतें, त्यामुळें पाणी त्यांच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं व पिठांतील चिवट तंतू जुळूं शकत नाहींत. वडीच्या तळांत हेंच मोहन फार मोठ्या प्रमाणांत असतें. तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर, हें स्कॉटलंडच्या ‘शॉर्टब्रेड’चें जुनें प्रमाण येथें उत्तम लागू पडतें. वीस सेंटिमीटर लांब-रुंद पत्र्याला २४० ग्रॅम मैदा, १६० ग्रॅम लोणी व ८० ग्रॅम साखर घ्यावी, चिमूटभर मीठ घालावें. फरक एकच: येथें मोहन कडकडीत नव्हे, थंडगार हवें. लोण्यांत शेंकडा पंधरा-सोळा भाग पाणी असतें. तें वितळलें तर पिठांत शिरून तंतू जोडूं लागतें. म्हणून घट्ट लोण्याचे बारीक तुकडे बोटांच्या टोकांनीं पिठांत चोळावे आणि रवाळ चुरा झाला कीं हात आवरावा, मळूं नये. याचे दोन भाग पत्र्याच्या तळाशीं दाबून बसवावे व एक भाग वरच्या चुऱ्यासाठीं थंड जागीं ठेवावा.

हा तळ फळ घालण्यापूर्वींच भाजून घ्यावा. बहुतेकांची चूक होते ती येथें. कच्च्या पिठावर ओल्या फोडी पसरल्या तर रस खालीं झिरपतो, पीठ भाजण्याऐवजीं वाफेवर शिजतें आणि मग तें कितीही वेळ भट्टींत ठेवलें तरी खुसखुशीत होत नाहीं. कारण, ओलें आहे तोंवर पीठ शंभर अंशांच्या वर तापत नाहीं, आणि भाजलेल्या पदार्थाचा खमंगपणा व तांबूस रंग त्याच्या बराच वर गेल्यावर जोमानें येतो. प्रथिनें व साखर यांच्या संयोगानें होणाऱ्या या क्रियेचें वर्णन लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ मध्यें केलें. ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. तेव्हां १८० अंश सेंटिग्रेडवर अठरा ते वीस मिनिटें, कडा किंचित तांबूस होईपर्यंत, रिकामा तळ भाजावा.

मसाल्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण या वडीचा खरा प्रवास मसाल्यांत आहे. सफरचंद थंड मुलखांतलें, दालचिनी-जायफळ उष्ण कटिबंधांतलीं. यांची गांठ पडावी म्हणून गलबतांनीं समुद्र पालथे घातले. जायफळ शेंकडों वर्षें केवळ बांदा नांवाच्या चिमुकल्या बेटांतच पिकत असे. त्यांतील रन हें बेट डचांकडे राहावें आणि अमेरिकेंतील न्यू आम्स्टरडॅम इंग्रजांकडे राहावें, असें १६६७ च्या ब्रेडाच्या तहानें ठरलें. तें न्यू आम्स्टरडॅम म्हणजे आजचें न्यूयॉर्क. महाराष्ट्रांत जायफळ पुरणांत व श्रीखंडांत मानानें बसलें. कोंकणांत आणि गोव्यांत नारळी-पोफळींच्या सावलींत त्याचीं झाडें आज वाढतात. दालचिनी मात्र आपल्याकडे गोड्या मसाल्यांत व मटणाच्या वाटणांत राहिली, पक्वान्नांत क्वचितच आली. दालचिनी म्हणून विकल्या जाणाऱ्या साली दोन तऱ्हेच्या आहेत. सिंहलद्वीपाची खरी दालचिनी कागदासारख्या अनेक पातळ पदरांची, बोटांनीं चुरणारी व सौम्य. दुसरी ‘कॅशिया’, जाड एकेरी सालीची, कडक आणि तिखट. अमेरिकेंत बहुतेक दुसरीच वापरतात. अर्धा किलो फोडींना दालचिनीची पूड एक लहान चमचा, किसलेलें जायफळ पाव चमचा व लवंगेची पूड चिमूटभर पुरे होते. या सर्वांचा सुवास स्निग्ध द्रव्यांत अधिक विरघळतो. म्हणून थोडा मसाला वरच्या लोण्याच्या चुऱ्यांतही मिसळावा.

भाजलेल्या तळावर फोडी दाटीनें पसराव्यात. हवा निघून गेली कीं त्या बसणारच आहेत. वर चुरा सैल हातानें भुरभुरावा, दाबूं नये, म्हणजे वाफेला वाट राहते. त्याच उष्णतेवर पस्तीस ते चाळीस मिनिटें लागतात. झालें कीं नाहीं हें घड्याळापेक्षां कडेच्या रसावरून समजतें: प्रथम तो पातळ खदखदतो, मग त्याचे बुडबुडे मोठे, मंद आणि चकचकीत होतात. खळ शिजल्याची ती खूण होय.

यानंतरचें काम सर्वांत अवघड, कारण त्यांत कांहींच करावयाचें नसतें. घर दालचिनीच्या वासानें भरलेलें, मुलें भोंवतीं जमलेलीं, आणि वडी कापावयाची नाहीं. गरम असतांना लोणी वितळलेलें असतें, रस पातळ असतो. सुरी घातली कीं सारें वाहतें. निवत असतां लोणी पुन्हां घट्ट होतें, खळ जमते, पेक्टिनची मिठी बसते. दोन तास तरी पत्रा जाळीवर राहूं द्यावा, म्हणजे खालून वाफ धरून तळ ओला होत नाहीं. मग पांच सेंटिमीटरचे सोळा तुकडे कापावे. उकाड्याच्या दिवसांत कापण्यापूर्वीं अर्धा तास तो शीतकपाटांत ठेवावा. हे दोन तास ज्यानें धीर धरला, त्याची वडी ताटलींत उभी राहते. आणि जो उतावळा झाला, त्याला तेंच सारें वाटींत घालून चमच्यानें खावें लागतें. चव दोघांनाही तीच मिळते, पण वडी एकालाच.