मूत्रपिंडाचा विकार : कर्करोगाचे एक ज्ञापक

आपल्या शास्त्रकारांनी हेतूचे कारक आणि ज्ञापक असे दोन भेद मानले आहेत. अग्नी हा धुराचा कारक हेतू होय. धूर हा अग्नीचा ज्ञापक हेतू होय. धुरामुळे अग्नी उत्पन्न होत नाही. परंतु डोंगरावरचा न दिसणारा अग्नी धुरावरूनच कळतो. मूत्रपिंडाचे काही विकार आणि शरीरात अन्यत्र दडलेला कर्करोग यांचा संबंध या दुसऱ्या प्रकारचा आहे. अशा विकाराचा विचार केवळ मूत्रपिंडापुरता केला, तर मूळ रोग ध्यानात येण्यास विलंब होतो, आणि तो विलंब रोग्याला भोवतो. म्हणून या ज्ञापकाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा येथे थोडक्यात सांगावयाच्या आहेत.

या संबंधाचे सुप्रसिद्ध उदाहरण लंडनमधील आहे. १८४५ साली तेथील एक पंचेचाळीस वर्षांचा व्यापारी थकवा व हाडांतील तीव्र वेदना यांनी पीडित होता. विल्यम मॅकिन्टायर व टॉमस वॉटसन या डॉक्टरांनी त्याचे मूत्र हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे रासायनिक परीक्षणासाठी पाठविले. मूत्रात सामान्यतः आढळणारे अल्ब्युमिन एकदा गोठले की उष्णतेने पुन्हा विरघळत नाही. या मूत्रातील गोठलेले प्रथिन मात्र तापविले असता विरघळे व निवताना परत साकळे. १ जानेवारी १८४६ रोजी रोगी मरण पावला. शवपरीक्षेत हाडे मऊ व ठिसूळ झालेली आढळली. मूत्रपिंडे मात्र निरोगी दिसली. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या या कर्करोगास आज मल्टिपल मायलोमा म्हणतात. म्हणजे रोग हाडांत होता आणि त्याची खूण मूत्रात उमटली होती.

त्या प्रथिनाचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. प्रतिपिंडाच्या रेणूत जड व हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे यांपैकी हलकी साखळीच होय, असे जेरल्ड एडेलमन व जोसेफ गॅली यांनी १९६२ साली दाखविले. मायलोमाच्या पेशी एकाच जातीच्या हलक्या साखळ्या अतोनात निर्माण करतात. आकाराने लहान असल्यामुळे त्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून पार होतात. पुढे सूक्ष्म नलिकांत त्यांचे गोळे बनून नलिका तुंबतात. कित्येक रोग्यांत मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यावरच मूळ रोगाचा शोध लागतो. अशा वेळी हाडदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि शरीरातील पाण्याची तूट यांमुळे मूत्रपिंडाची हानी अधिकच वेगाने होते.

दुसऱ्या प्रकारात बिघाड गाळणीच्या पडद्यातच होतो. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या विकारात प्रतिपिंडे पडद्याच्या बाहेरील अंगास साचतात, अल्ब्युमिन मूत्रावाटे वाहून जाते, मूत्रास फेस येतो व पायांवर सूज चढते. या विकाराची कारणे अनेक आहेत; फुप्फुस, जठर, मोठे आतडे इत्यादींचा कर्करोग हे त्यांपैकी एक होय. मूत्रातून अतिरिक्त प्रथिन जाणाऱ्या १०१ प्रौढ रोग्यांपैकी ११ जणांस कर्करोग असल्याचे १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. २००६ सालच्या एका फ्रेंच अभ्यासात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २४० रोग्यांपैकी २४ जणांस कर्करोग होता. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, त्या वेळी त्यांतील सुमारे निम्म्यांनाच कर्करोगाची काही लक्षणे जाणवत होती. उरलेल्यांच्या बाबतीत मूत्रपिंडच आधी बोलले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि हे ज्ञापक अव्यभिचारी नव्हे. मूत्रातील प्रथिनाचे कारण बहुधा मधुमेह वा रक्तदाब असते; वरील दोन्ही अभ्यासांतही दहांपैकी नऊ रोग्यांस कर्करोग नव्हता. अनेकार्थी शब्दाप्रमाणेच येथेही अर्थनिश्चय प्रकरणावरून करावा लागतो. ‘सैंधव आण’ असे भोजनसमयी म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रयाणसमयी म्हटले तर घोडा. त्याचप्रमाणे पासष्टी ओलांडलेला रोगी, दीर्घकाळचे धूम्रपान, न थांबणारी हाडदुखी, रक्तक्षय किंवा घटणारे वजन यांची जोड मिळाली, की त्याच प्रथिनाचा अर्थ पालटतो आणि कर्करोगाचा शोध घेणे अवश्य ठरते.

चिन्ह वाचण्याचे साधनही पारखून घ्यावे लागते. मूत्रपरीक्षणाची नेहमीची कागदी पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन ओळखते. हलक्या साखळ्या तिच्या नजरेतून निसटतात. त्यामुळे पट्टीवर प्रथिन अल्प दिसते, पण एकूण प्रथिन मोजले असता ते पुष्कळ भरते. ही विसंगती स्वतःच मायलोमाकडे बोट दाखविते. अशा प्रसंगी रक्त व मूत्र यांतील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि रक्तातील मुक्त हलक्या साखळ्यांचे मापन करावे लागते.

तात्पर्य, फेसाळ मूत्र दिसताच कर्करोगाची धास्ती घेणे जितके अनुचित, तितकेच सुजेवर औषध देऊन तिचे मूळ न शोधणेही अनुचित होय. धूर दिसला म्हणजे वणवाच पेटला असे नव्हे. पण तो कोठून येतो हे पाहिल्यावाचून राहणे धोक्याचे आहे.