काचेच्या हौदातील लाकूड : भाव व प्राप्ती

धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने शोभेच्या माशांच्या हौदातील लाकडाविषयी लिहावे, हे वाचकबंधुभगिनींस विसंगत वाटेल. परंतु मुलानातवंडांच्या आग्रहाने आपल्या काही सभासदांच्या घरी असे हौद आले आहेत, आणि आमच्याही घरी एक आला आहे. त्यास आमचा विरोध होता. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध, म्हणजे जीवास कोंडणे, हा पहिलाच सांगितलेला आहे. पण नातवाने मासे आणले ते आणलेच. दुकानी परत धाडावेत तर ते दुसरीकडे कोंडले जाणार. ओढ्यात सोडावेत तर परकी जात तेथील जीवांस उपद्रव करते. म्हणून नवे मासे आणावयाचे नाहीत व आहेत त्यांस सुखात ठेवावयाचे, असे घरात ठरले. लाकडाचा प्रश्न तेथून निघाला.

नदीत वाहून झिजलेले, साल गळालेले, कठीण लाकूड हौदात ठेवले म्हणजे भित्र्या माशांस आडोसा मिळतो. काही जाती त्यावरील शेवाळ खरवडून खातात. केवळ शोभा हा त्याचा उपयोग नव्हे.

आता भावाविषयी. हे लाकूड बहुधा वजनावर विकले जाते, आणि येथेच आम्हां धान्यवाल्यांचा अनुभव उपयोगी पडतो. दाणा दाताखाली फोडून आपण ओल पाहतो. लाकडाचे मात्र ओलेच वजन निमूटपणे देतो. समजा, दर किलोस 500 रुपये भाव आहे व तुकडा 3 किलो भरला. आपण 1500 रुपये दिले. घरी वाळून तो 2 किलो राहिला, तर खरा भाव 750 रुपये पडला. आमचीही एकदा अशीच फसगत झाली. तथापि ओल्या लाकडात एक गुण आहे : ते लवकर बुडते. कोरडे लाकूड तरंगते व कित्येक आठवडे भिजवावे लागते. म्हणून ओले घेऊच नये असे नाही; ओलीची सूट मागून घ्यावे.

उगमस्थानी ज्यास फारशी किंमत नाही ते शहरात महाग का? पोती एकावर एक रचता येतात; वेडीवाकडी मुळे रचता येत नाहीत. गाडीत लाकूड थोडे व पोकळी फार, म्हणजे भाडे हवेचेच भरावे लागते. शिवाय निवड, धुलाई, वाळवण व तूट आहेच. आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील मोपाने जातीचे जड लाकूडही बाजारात येते. त्यावर समुद्रपारचा खर्च चढतो.

मग मलप्रभा वा घटप्रभेच्या काठी पुरानंतर पडलेले लाकूड फुकट का आणू नये, असे कोणी विचारील. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 45 व्या कलमाप्रमाणे वाहत आलेले, काठास लागलेले अथवा बुडालेले लाकूड, कोणाचा हक्क सिद्ध होईपर्यंत, सरकारी मालमत्ता समजले जाते. कर्नाटकास 1963 चा स्वतंत्र वन अधिनियम आहे. म्हणून प्रथम वनखात्याकडे विचारावे. भीमगडसारख्या अभयारण्यातून तर काडीही उचलू नये. बेवारस दिसते म्हणून ते आपले होत नाही. अदत्तादानाचा त्याग केलेल्या श्रावकास हे अधिक सांगणे नको. गोव्याच्या किनाऱ्यावरील लाकडात मीठ मुरलेले असते, तेही गोड्या पाण्यास अयोग्य. स्वतःच्या शेतातील वा परसातील जुने, पूर्ण सुकलेले कठीण लाकूड हाच स्वस्त व निर्दोष मार्ग होय. ओला चीक वा राळ असलेले, औषध फवारलेले अथवा रंगविलेले लाकूड मात्र वर्ज्य करावे.

लाकूड आणल्यावर ते उकळण्याची चाल आहे. आमची विनंती अशी की, तत्पूर्वी ते नीट न्याहाळावे. पोकळीत मुंग्या, वाळवी, भुंगेरे असतात. भोके पडलेला तुकडा घेऊच नये. घेतलेला काही दिवस सावलीत मोकळा ठेवावा, म्हणजे चालते जीव निघून जातात. मग ब्रशाने घासून भिजत घालावे व पाणी वरचेवर बदलावे. पाणी चहाच्या रंगाचे होईल. बाभळीच्या सालीत व हिरड्यात असते तेच टॅनिन ते. आमच्या घरी प्रथम सर्वजण विष म्हणून घाबरले होते. ते माशांस सहसा बाधत नाही, पाणी किंचित आम्ल करते. आरंभी लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो, तोही बहुधा काही आठवड्यांत जातो. परंतु लाकूड नखाने दबू लागले व दुर्गंधी आली, तर ते कुजले असे जाणून काढून टाकावे.

सारांश, ओल पाहून तोलावे, मालक पाहून उचलावे, जीव पाहून धुवावे. आमच्या हौदातील एक मासा दिवसभर लाकडाखाली असतो. नातू म्हणतो, तो तेथे सुखात आहे. आम्ही त्यास एवढेच सांगितले की, हे सुख आपण कोंडलेल्यास दिलेले आहे. म्हणून यात चूक होता कामा नये.