गाडीचा हातब्रेक आणि चाकाखालचा दगड

घाटांतील एखाद्या चहाच्या टपरीपुढें भाजीपाल्यानें भरलेली जुनी पिकअप येऊन थांबते. ती पुरती स्थिर होते न होते तोंच क्लीनर खालीं उडी टाकतो आणि मागच्या चाकाखालीं एक दगड सरकवितो. हें दृश्य इतकें नित्याचें झालें आहे कीं, त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. पुष्कळदां तो अर्थ असा असतो कीं, या गाडीचा हातब्रेक तिला धरून ठेवीत नाहीं, हें तिच्या चालकास पक्कें ठाऊक आहे. गाडी सरकली तर दगड लावणाऱ्या क्लीनरचाच हात प्रथम चाकाखालीं सांपडावयाचा, याचा विचार मात्र कोणी केलेला नसतो.

उतारावर उभ्या असलेल्या गाडीला किती ओढ लागते, याचा हिशेब अवघड नाहीं. दहा फुटांस एक फूट असा चढ असेल तर गाडीच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा तिला खालीं ओढीत असतो. मालासह गाडी २५०० किलो भरली तर ही ओढ सुमारें २५० किलोंची झाली. पायाचा ब्रेक ती थोपवूं शकतो. परंतु तो तेलाच्या दाबावर चालतो आणि पाय उचलतांच तो दाब नाहींसा होतो. म्हणून उभ्या गाडीसाठीं निराळी, तेलावर अवलंबून नसलेली योजना लागते. तीच हातब्रेकाची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम १२६ याच गोष्टीविषयीं आहे. परवानाधारक चालक जागेवर नसेल, तर यंत्र बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप चालूं लागणार नाहीं अशी अन्य तजवीज केल्याशिवाय, ती सार्वजनिक जागीं उभी ठेवतां येत नाहीं.

या योजनेची रचना साधी आहे. बहुतेक जुन्या पिकअपांच्या मागील चाकांत ड्रम असतो. त्याच्या पोटांत दोन अर्धगोलाकार शू असून त्यांवर घर्षणाचें अस्तर, म्हणजे लायनर, बसविलेलें असतें. चालकानें दांडा ओढला कीं एक तारेची केबल ताणली जाते. पुढें एका तोलपट्टीपाशीं ती ओढ दोन भागांत वांटली जाऊन दोन्ही चाकांकडे जाते. प्रत्येक ड्रममधील लहान तरफ मग शू फांकविते आणि ते ड्रमला आंतून दाबून धरतात. केबलीचा कांहीं भाग नळीसारख्या आवरणांतून जातो. अशा आवरणांतील तारेचें पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यानें १८९६ सालीं घेतलें. वांकड्या वाटेनें ओढ पोंचविण्याची ही युक्ति उत्तम खरी. पण आवरणांत पाणी व चिखल शिरला कीं गंज चढतो आणि तार आंतल्या आंत अडकते.

सर्वच गाड्यांत ही रचना नसते, हेंही ध्यानांत ठेवावें. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपचा हातब्रेक चाकांवर नसून मागील चाकांकडे शक्ति नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर होता. त्या वळणाच्या गाडीस पुढील कृति लागू नाहीं.

आतां मुख्य चुकीकडे वळूं या. हातब्रेक सैल झाला कीं पुष्कळ लोक गाडीखालीं शिरतात आणि तोलपट्टीजवळचा नट आवळून केबल ताणतात. दांडा लागलीच घट्ट लागतो आणि काम झालें असें वाटतें. वस्तुतः बहुधा केबल सैल झालेली नसते. लायनर झिजल्यामुळें शू व ड्रम यांतील अंतर वाढलेलें असतें. केबल ताणून तें अंतर झांकलें म्हणजे दांडा सोडल्यावरही ड्रममधील तरफ मूळ जागीं येत नाहीं. शू ड्रमला किंचित् घांसत राहतात, ड्रम तापतो आणि लायनर अधिकच झिजतें. कित्येक गाड्यांत शूंचें अंतर आपोआप राखणारी योजना असते. तीही अशानें निकामी होते. सबब नियम एकच: आधीं शू, मग केबल. नट आवळणें हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे.

दोष कोठें आहे, हें दांडाच पुष्कळ अंशीं सांगतो. सामान्यतः पांच-सात खटक्यांत ब्रेक घट्ट बसावा. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो. दांडा मुळींच जोर न लागतां वर आला तर केबल तुटली किंवा निसटली आहे. पुष्कळ वर येऊन मग घट्ट झाला तर शूंचें अंतर वाढलें आहे. दांडा जड लागतो पण गाडी थांबत नाहीं, अशा वेळीं तार गंजून अडकली असावी किंवा लायनरवर तेल आलें असावें. ओढलेला दांडा आपण होऊन खालीं घसरला तर त्याचे दांते झिजले आहेत. एकच चाक धरत असेल तर दुसऱ्या बाजूची केबल अडकलेली असते, आणि दांडा सोडूनही चाक मोकळें होत नसेल तर गंज किंवा दुबळी स्प्रिंग याचें कारण असते.

दुरुस्तीचें काम सपाट व कठीण जमिनीवरच करावें. मागील चाकें उचलल्यावर हातब्रेकाचा आधार उरत नाहीं. म्हणून पुढील दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनीं पाचरी लावाव्या. गाडी जॅकनें उचलून मागील आंसाखालीं भक्कम घोडे द्यावे. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीही जाऊं नये. त्यानंतर गिअर मोकळा करावा, हातब्रेक सोडावा आणि तोलपट्टीवरचा नट ढिला करून केबल पुरती सैल करावी.

ड्रम काढून आंतील स्थिति डोळ्यांनीं पाहावी. लायनर रिव्हेटांच्या डोक्यांशीं भिडत आलें असेल किंवा तेलानें भिजलें असेल तर तें दोन्ही चाकांत एकदम बदलावें. तेल कोठून गळतें, हें आधीं शोधावें. नाहीं तर नवें लायनरही तसेंच भिजेल. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुफ्फुसांस घातक आहे. ती हवेच्या फवाऱ्यानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. केबल हातानें ओढून सोडावी. ती सहज सरकून परत आली नाहीं, किंवा तिचे धागे तुटलेले दिसले, तर ती बदलणेंच इष्ट. ग्रीस लावून गंजलेली तार सुधारत नाहीं. तिचें मरण फक्त लांबतें.

ड्रम पुन्हां बसविल्यावर शूंचें अंतर लावावें. चाकामागील पत्र्याच्या फटींतून एक दांतेरी चाकी दिसते. ती स्क्रूड्रायव्हरनें फिरवीत चाक अडेपर्यंत शू फांकवावे. मग चाक मोकळें फिरेपर्यंत ती उलट फिरवावी. पायाचा ब्रेक चार-पांच वेळां दाबला म्हणजे शू आपल्या जागीं बसतात. त्यानंतर दोन्ही चाकें पुन्हां तपासावीं. हें झाल्यावर मगच केबलीकडे वळावें. दांडा एक-दोन खटके वर ठेवून, दोन्ही चाकें किंचित् घांसूं लागेपर्यंत तोलपट्टीवरचा नट आवळावा. दांडा सोडला असतां दोन्ही चाकें मोकळीं फिरलीं पाहिजेत, आणि पुरता ओढला असतां दोन्ही अडलीं पाहिजेत. यांपैकीं एक गोष्ट जरी घडली नाहीं तरी काम अपुरें राहिलें असें समजावें.

शेवटची परीक्षा बेताच्या उतारावर घ्यावी. चालक आपल्या जागेवर असावा, त्याचा पाय पायब्रेकाजवळ असावा, आणि गाडीच्या पुढें-मागें कोणीही उभें नसावें. गाडी एकदां चढाकडे व एकदां उताराकडे तोंड करून उभी करावी. तोंड उताराकडे असतां भार पुढील चाकांवर सरकतो आणि हातब्रेक ज्यांवर चालतो त्या मागील चाकांची जमिनीवरील पकड कमी होते. म्हणून ही दुसरी परीक्षा अधिक कसाची आहे. नवीन केबल थोडी ताणून बसते. तेव्हां महिन्याभरानें ती पुन्हां तपासणें जरूर आहे.

हातब्रेक दुरुस्त झाला म्हणून दगड फेकून द्यावा, असें नाहीं. चढावर चाकाखालीं पाचर असणें केव्हांही चांगलेंच. परंतु गाडी ब्रेकानें धरली आहे आणि दगड तिच्या सोबतीला आहे, अशी स्थिति असावी. एवढें झालें म्हणजे क्लीनरनें वाकतांना गाडी आधींच स्थिर असेल, आणि त्याचा हात सुखरूप परत येईल.