सेल्फचा कसूर किती?

मार्गशीर्षातील पहाटे, परभणीकडील मानवत किंवा सेलूच्या कापूसबाजाराकडे निघण्यासाठी आदल्या रात्रीच भरून ठेवलेला जुना डिझेल ट्रक किल्ली फिरवताच केवळ ‘टक्’ असा आवाज करून स्तब्ध होतो, तेव्हा चालकापासून हमालापर्यंत सर्वांच्या मुखी एकच निकाल असतो : सेल्फ गेला. स्टार्टर मोटारीला आपल्याकडे सेल्फ हेच नाव रूढ आहे. आणि पुराव्यावाचून इतक्या सहज दोषी ठरणारा भाग साऱ्या वाहनात दुसरा नसेल, असे माझे मत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सोळा-सतरा पट किंवा त्याहूनही अधिक दाबली गेलेली हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. पण इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागेपर्यंत ही हवा दाबण्याचा सारा भार सेल्फवरच असतो, आणि त्यासाठी तो बॅटरीकडून काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. 1912 साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीने विजेचा स्टार्टर प्रचारात आणला, तोपर्यंत मोटारीचे इंजिन बहुधा हँडल मारूनच जागे करावे लागे. एका माणसाच्या दंडातील ते बळ आता तारांतून यावयाचे असल्यामुळे वाटेतील प्रत्येक जोड निर्मळ व घट्ट असणे अनिवार्य ठरते.

परभणीच्या हवामानाचा येथे फार निकटचा संबंध आहे. वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांकडे झुकतो, तेव्हा बॅटरीतील पाणी आटते, पट्ट्या झिजतात, पण गरम इंजिन सहज फिरत असल्यामुळे या हानीची कोणास दादही लागत नाही. पुढे थंडीत तेल दाट होते, बॅटरीची शक्ती मंदावते आणि उन्हाळ्यातील ते जुने नुकसान ऐन कापसाच्या हंगामात उघडकीस येते. म्हणून तपासाचा आरंभ बॅटरीपासून करावा. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी विश्रांत असता सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर आधी तिचीच चौकशी व्हावी. 24 व्होल्टच्या गाडीत हे आकडे दुप्पट धरावेत.

मीटर जवळ नसेल तर समोरचे दिवे साक्ष देतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दिवे चालू, अशा स्थितीत किल्ली फिरवावी. दिवे विझू लागले, तर बॅटरी दुबळी आहे, टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढला आहे, किंवा क्वचित सेल्फ आतून जाम आहे. दिवे प्रखर राहून नुसताच ‘टक्’ झाला, तर सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या स्विचचे, संपर्क जळलेले किंवा सेल्फमधील कार्बन (ब्रश) झिजलेले असू शकतात. पण त्याही आधी इंजिन व चेसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी पाहावी, कारण दिव्यांचा परतीचा मार्ग चेसिसमधून जातो आणि सेल्फचा इंजिनातून. आपल्या काळ्या मातीच्या चिखलाखाली ही पट्टी निमूटपणे गंजत असते. सेल्फ दोनदा उतरवून, नवे कार्बन घालूनही तक्रार कायम राहावी आणि अखेर दोष या पट्टीत निघावा, यात गाडीमालकाच्या कष्टाच्या पैशाचा जो अपव्यय होतो तो मला फार खटकतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या धातूला एक जाड केबल क्षणभर लावली, तर हा संशय तत्काळ फिटतो.

सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर फ्लायव्हीलमध्ये गुंतणारी दातेरी बेंडिक्स सरकत नाही अथवा तिचा क्लच घसरतो आहे. दात खरडल्याचा आवाज आला, तर फ्लायव्हीलची रिंगही तपासावी. अशा वेळी मात्र सेल्फ उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. नुसताच ‘टक्’ करणारा सेल्फ हलक्या ठोक्याने एकदा चालू झाला तरी ती दुरुस्ती नव्हे. झिजलेल्या कार्बनांनी दिलेली ती अखेरची मुदत समजावी.

पुष्कळ जण गाडीखाली शिरून पेचकसाने सोलेनॉइडची दोन टोके जोडतात. ही रीत जिवावर बेतणारी आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर इंजिन सुरू होताच चाके माणसावरून जातात. सेल्फ उतरवायचा असेल तेव्हा चाकांना दगडांची अटक द्यावी, बॅटरीची अर्थची तार सर्वप्रथम सोडावी, आणि सर्व जोडणी पुरी झाल्यावर तीच सर्वांत शेवटी लावावी.